पट्टी आणि जाब

घरपट्टी वाढली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. कुणी म्हणतो, ‘लहान पंचायती मोडा, मोठ्या गावाला जोडा, खर्च तरी वाचेल!’ हिशेब अगदीच खोटा नाही. पण १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा पुरस्कार केला, तो मुख्यतः लोकशिक्षणासाठी. १९९३ साली ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. कर घेणारा पारावर भेटतो, तोवर त्याला जाब विचारता येतो. तो दूर गेला की हाती उरते ती नुसती पावती. मात्र ग्रामसभेला पाठ फिरवणाऱ्याने पट्टीबद्दल कुरकुरावे काय? सुधारणा हवीच, पण तिचा आरंभ आपल्या उंबरठ्यापासून व्हावा. दिवाळीची पणतीही आपण तिथेच लावतो ना?