आपल्या ओट्यावर चालेल का?



घरातील जुनी वस्तू गरजूला द्यावी की नाही, ह्याबद्दल आपल्यात वाद नाही. द्यावी, असेच सगळे म्हणतील. अवघड प्रश्न पुढचा आहे. ती वस्तू कोणत्या स्थितीत द्यावी? किती चांगली असली म्हणजे ती 'देण्याजोगी' होते? गेल्या पावसाळ्यात एका जुन्या गॅस शेगडीमुळे हा प्रश्न आमच्यापुढे आला. त्या वेळी आमच्या मनात जे आले ते फारसे शोभादायक नव्हते. तरीही ते आपल्यापुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

आम्ही दोघे नवराबायको वडनेर भोलजीला राहतो. आपले गाव महामार्गावरचे. जुनी माणसे अजून त्या रस्त्याला सहा नंबरच म्हणतात, कागदोपत्री तो आता ५३ नंबरचा आहे. आमच्या गल्लीत एक मावशी एकट्याच राहतात. त्यांच्याकडे गॅसचे कनेक्शन आहे, परंतु शेगडी बरीच वर्षे वापरून गंजली आणि बंद पडली. नवी घेणे जमेना, म्हणून त्या पुन्हा चुलीकडे वळल्या. आपल्या भागात चुलीत काय जळते हे सांगायला नको. पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या. उन्हाळ्यात पऱ्हाटी खडखडीत वाळलेली असते तोवर ठीक. पावसाळ्यात ती ओल धरते आणि मग घरभर धूर. मावशींचे डोळे सदा लाल आणि खोकला थांबत नसे.

हा धूर साधा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील अशा प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्याचा सर्वाधिक त्रास होतो तो चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना आणि त्यांच्याजवळ खेळणाऱ्या लेकरांना. भारतात स्वयंपाकाचा गॅस १९५५ मध्ये मुंबईत आला, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो खेड्यापाड्यांतील गरीब घरांतही मोठ्या प्रमाणावर पोहोचला. पण टाकी घरात आली म्हणजे चूल विझतेच असे नाही. टाकी भरायला पैसे लागतात, आणि शेगडीही धड असावी लागते.

असेच एकदा नांदुऱ्याला गेलो असता एका भंगारच्या दुकानात दोन बर्नरची स्टीलची शेगडी दिसली. मुंबईकडून घर हलवून आलेल्या कोणीतरी ती विकली होती. वर तेलाचा काळा थर, जाळी वाकलेली, एक नॉब तुटलेला. पण अंग जाड होते आणि बर्नर पितळी होते. दुकानदाराने वजनावर भाव सांगितला. आम्ही घासाघीस न करता शेगडी उचलली आणि गाडीला बांधून घरी आणली. मावशींसाठी काहीतरी करतो आहोत ह्याचा आनंद होता, आणि स्वस्तात मिळाली ह्याचाही होता.

पुढचे चार दिवस तिच्यामागे गेले. जाळी आणि ट्रे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवले. सकाळी घासणीने घासले तेव्हा काळ्या थराखालून स्टील दिसू लागले. बर्नर काढून त्यांची भोके एकेक करून साफ केली. बर्नरच्या खालच्या नळीत एका किड्याने मातीचे घर केले होते. ते तसेच राहिले असते तर गॅस आणि हवा नीट मिसळली नसती आणि ज्योत मागच्या बाजूने पेटली असती. जेटच्या बारीक भोकात सुई घालण्याचा मोह मात्र आवरला. तसे केले की भोक मोठे होते आणि मग ते पुन्हा लहान करता येत नाही. नवा नॉब बसवला. शेगडी अशी चकाकू लागली की आमची आम्हालाच नवल वाटले. टाकून दिलेली वस्तू आपल्या हाताने पुन्हा उभी राहते तेव्हा मनाला फार समाधान होते. ते खोटे नाही. पण त्या समाधानाने डोळे थोडे दिपतात, हेही आता कळले.

पाचव्या दिवशी आमच्याच टाकीला जोडून शेगडी पेटवली. ज्योत भसकन उंच गेली आणि पिवळी राहिली. पातेल्याचा तळ दोन मिनिटांत काळा झाला. हवेची झडप पुढेमागे करून पाहिली. थोडा फरक पडला, पण ज्योत निळी होईना. वाटले, टाकी संपत आली असेल. पण तीच टाकी आमच्या शेगडीला लावली तर ज्योत स्वच्छ निळी!

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी काय बोललो ते जसेच्या तसे सांगतो. एकाने म्हटले, "पेटते तर आहे. भांडे जरा काळे होईल, एवढेच." दुसऱ्याने म्हटले, "काही झाले तरी चुलीच्या धुरापेक्षा बरेच की!" आणि आम्हा दोघांनाही ते पटले. उद्या सकाळी शेगडी मावशींकडे पोहोचवायची असे ठरवून आम्ही झोपलो.

झोप मात्र लागली नाही. 'चुलीपेक्षा बरे' हे वाक्य मनात फिरत राहिले. ते खोटे नव्हते, मग टोचत का होते? विचार करता करता लक्षात आले की आम्ही माप चुकीच्या ठिकाणी धरले होते. आपण काय देऊ शकतो हे न पाहता, मावशींचे हाल किती आहेत हे पाहून आम्ही देण्याचा दर्जा ठरवत होतो. ह्या मापाने मोजले तर एक विचित्र गोष्ट घडते. माणूस जितका गरीब, तितके आपले देणे हलके चालते. ज्याच्या पायात काहीच नाही त्याला अंगठा तुटलेली चप्पल पुरे. ज्याच्या घरी धूर आहे त्याला काजळी पुरे. वास्तविक ज्याची गरज मोठी त्याच्याबाबत आपण अधिक जपायला हवे. इथे उलटेच होते. त्याची गरज हीच आपल्या हलगर्जीपणाची सबब बनते.

तीच शेगडी आमच्या ओट्यावर ठेवायची असती तर? आम्ही ती एक दिवसही ठेवली नसती. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय लेकरांना स्वयंपाकघरात येऊ दिले नसते. मग जी वस्तू आमच्या घरात धोक्याची, ती चार घरे पलीकडे नेल्यावर दान कशी होते?

सकाळी शेगडी पुन्हा गाडीला बांधली आणि नांदुऱ्याला एका मिस्त्रीकडे नेली. त्याने जेट काढून हातावर ठेवला आणि हसला. म्हणाला, "भाऊ, ही पाइपच्या गॅसची शेगडी हाये. टाकीवर कायले लावली?" मग त्याने समजावून सांगितले. मोठ्या शहरांत घरोघरी पाइपने येतो तो नैसर्गिक वायू. टाकीतला गॅस निराळा. तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा टाकीतल्या गॅसमध्ये दुपटीहून जास्त उष्णता असते आणि तो जरा अधिक दाबाने येतो. म्हणून पाइपच्या शेगडीच्या जेटचे भोक मोठे असते. त्या भोकातून टाकीचा गॅस सोडला की तो गरजेपेक्षा फार जास्त येतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही आणि तो अर्धवट जळतो. काजळी डोळ्यांना दिसते. पण अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

आम्ही गप्प झालो. मावशींची खोली लहान आहे, आणि पावसाळ्यात खिडकी बंदच असते. 'चुलीपेक्षा बरे' म्हणून आम्ही काय पोहोचवणार होतो?

मिस्त्रीने दोन्ही जेट बदलले, कॉक उघडून साफ केले आणि नवे ग्रीस भरले. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिले. गळती कधीही काडी पेटवून पाहू नये, हेही त्याने बजावले. टाकीचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. आमच्याकडे एक जुनी रबरी नळी पडून होती, ती आम्ही पुढे केली. वरून चांगली दिसत होती. त्याने ती वाकवून दाखवली. बारीक चिरा पडल्या होत्या. "शेगडी जुनी चालते, भाऊ. रबर जुनं चालत नाही," एवढेच तो म्हणाला. प्रमाणित सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते.

मिस्त्रीच्या ह्या बोलण्यात काटकसर आणि कंजूषपणा ह्यांतला फरक आम्हाला सापडला. स्टीलचे अंग, पितळी बर्नर, वाकलेली जाळी हे सारे जुने ठेवण्यात शहाणपण आहे. चांगली वस्तू भंगारात जाऊ नये. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात फेकून देण्याच्या सवयीवर आपल्याला सावध केले होते, आणि वस्तू पुन्हा वापरणे हीही प्रेमाची कृती होऊ शकते असे सांगितले होते. पण नळी आणि जेट ह्यांत वाचवलेला पैसा आपला आणि त्याची जोखीम मात्र दुसऱ्याची. अशा बचतीला काटकसर म्हणता येत नाही.

इथे कोणी विचारील, आणि रास्तच विचारील, की इतके कडक नियम लावले तर कोण काय देणार? मिस्त्रीचा खर्च, नवी नळी, चार फेऱ्या. लोक म्हणतील, नको ती कटकट, आणि शेगडी भंगारातच राहील. मावशी धुरातच राहतील. उत्तम द्यायचे म्हणून काहीच न देणे हे काय चांगले?

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण आम्ही उत्तम वस्तूचा आग्रह धरत नाही. मावशींना दिलेल्या शेगडीचा ट्रे आजही ठेचलेला आहे आणि उजवा नॉब जड फिरतो. असे दोष चालतात, कारण असे दोष आमच्या घरातही आम्ही चालवून घेतो. माप एकच असावे, एवढेच म्हणणे आहे. आणि जिथे आपल्याला दुरुस्ती परवडत नाही, तिथे खरे सांगण्याची वाट मोकळी असते. 'शेगडी चांगली आहे, पण जेट आणि नळी बदलल्याशिवाय पेटवू नका' असे सांगून दिलेली वस्तूही प्रामाणिक आहे. घेणाऱ्याला काय मिळते आहे हे कळते आणि घ्यावे की नाही हे तो ठरवू शकतो. दोष झाकून, वर चकाकी आणून दिले तर आपण त्याचा हा हक्कच काढून घेतो. आमची शेगडी तर फार चकाकत होती.

मिस्त्रीकडून आणल्यावर आम्ही ती आठ दिवस आमच्याच ओट्यावर वापरली. भाकरी, वरण, चहा, सगळे तिच्यावर केले. ज्योत निळी राहिली आणि पातेल्याचा तळ स्वच्छ राहिला. मग ती मावशींकडे नेली. मावशींनी शेगडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, तुमी सोता यावर रांधलं काय?"

त्या रात्री आम्ही ठरवल्याप्रमाणे गेलो असतो तर ह्या प्रश्नाला काय उत्तर दिले असते? आता "हो, आठ दिवस" असे सांगता आले. ट्रे ठेचलेला आहे, नॉब जड आहे, हेही सांगितले. मावशी म्हणाल्या, "मंग ठेवा. पण नव्या रबराचे पैसे मी देईन. सगळंच फुकट नोको." आम्ही नको म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून घेतले. त्यांनाही काही देण्याचा अधिकार होता. शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, म्हणून तिथल्याच लाकडी पेटीवर फरशी टाकून ती ठेवली. पहिला चहा आम्हा तिघांचा झाला. त्यांची चूल अजून आहे. टाकी संपली आणि पैसे नसले की ती पेटतेच. आमच्या एका शेगडीने सगळे सुटले असे म्हणणे बरोबर होणार नाही.

बंधुभगिनींनो, नाताळ जवळ आला की आपण कपाटे आवरतो आणि गरिबांसाठी कपडे, भांडी, पांघरुणे बाजूला काढतो. ती चांगलीच प्रथा आहे. फक्त गाठोडे बांधण्यापूर्वी एकेक वस्तू हातात घेऊन पाहू या. स्वेटरची चेन लागते का? कुकरची शिट्टी वाजते का, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठीक आहे का? इस्त्रीची वायर कुठे उघडी पडली आहे का? 'त्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना चालेल' असे मनात आले की क्षणभर थांबावे आणि मावशींचा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर 'हो' असेल तर वस्तू खुशाल द्यावी. 'नाही' असेल तर आधी मिस्त्रीकडे जावे, नाहीतर दोष सांगून द्यावी.