मधले रबर

घरात दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पुरुषमाणसांना घराबाहेरची कामे आठवू लागतात. मीही त्याला अपवाद नाही. यंदा माळ्यावरचे डबे उतरवायची वेळ आली आणि मला एकाएकी आमच्या बुलेटची काळजी वाटू लागली. ही बुलेट वडिलांनी १९८४ साली घेतलेली. वडील गेले, गाडी राहिली. गेले काही महिने तिला एक नवीनच खोड लागली होती. वेग कमी करून पुन्हा वाढवला की मागच्या चाकातून ‘खडक्’ असा आवाज यायचा आणि कोणी पाठीमागून ढोसावे तसा हिसका बसायचा. मी चेन ताणून पाहिली, तेल घालून पाहिले, आवाज कायम. तेव्हा नेमक्या साफसफाईच्या दिवशी, पत्नीच्या नजरेला नजर न देता, मी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने गाडी स्टँडवर चढवली आणि म्हणाला, “गुरुजी, मागचा ब्रेक दाबून धरा.” मी धरला. त्याने दोन्ही हातांनी टायर पकडून पुढेमागे हलवला. ब्रेक दाबलेला असूनही चाक चांगले दीड इंच हेलकावे खात होते. “ड्रमरबर संपले,” त्याने निदान केले. चाक उतरवून त्याने ड्रम अलग केला, तेव्हा आतून काळी भुकटी सांडली आणि वाळक्या सुपारीसारखे कडक झालेले सहा तुकडे बाहेर आले.

ज्यांना मोटरसायकलच्या पोटात डोकावण्याची हौस नाही, त्यांच्यासाठी हा प्रकार थोडक्यात सांगतो. बुलेटच्या ३४६ सी.सी. इंजिनात सिलिंडर एकच. त्यात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला २५ ठोके पडतात. आपल्याला वाटते शक्ती नळाच्या धारेसारखी वाहत असेल. प्रत्यक्षात ती घणाच्या घावांसारखी येते. उलट बाजूने रस्त्यावरचे खड्डे चाकाला ठोसे देत असतात. हे दोन्हीकडचे घाव लोखंडाने लोखंडाला द्यायचे ठरवले, तर चेन, चेनचे चक्र आणि गिअरचे दात लवकरच कामातून जातील. म्हणून चेनचे चक्र आणि चाक यांची थेट गाठच पडू दिलेली नाही. चक्र ज्या ड्रमला जडलेले असते, त्याला आतून तीन पाती; चाकाच्या बाजूलाही तीन पाती; आणि या पात्यांच्या मधल्या फटींत रबराचे सहा ठोकळे. गाडी ओढताना त्यांतले तीन दबतात, वेग सोडताना किंवा ब्रेक लावताना दुसरे तीन. इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कारखान्याने ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून वापरली. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली, तेव्हा बुलेटबरोबर ही सहा रबरेही आपल्याकडे आली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला. रबरांचे दबणे इकडे चालूच राहिले.

यातली मौज अशी की हे रबर शक्ती गिळून टाकत नाही. थोडीशी ऊब होऊन वाया जाते, तेवढीच. बाकी सारी चाकापर्यंत पोचते. रबर बदलतो तो फक्त वेळ. क्षणात बसणारा घाव ते क्षणभर लांबवते आणि घावाचा रेटा होतो.

मिस्त्रीच्या बाकड्यावर बसून ते सहा तुकडे मी पाहत होतो आणि मला आई आठवत होती.

आमचे वडील तापट. कॉलेजच्या दिवसांत मला रात्री घरी यायला उशीर व्हायचा. वडील आईला म्हणायचे, “त्या गाढवाला सांग, पुन्हा दहानंतर आला तर दार उघडणार नाही.” आई रात्री काहीच बोलत नसे. सकाळी भाकरी वाढताना म्हणे, “अरे, तू येईपर्यंत ह्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. लवकर येत जा.” पुढे मला खरा निरोप कळला, तेव्हा मी तिला दुटप्पी म्हणालो होतो. सत्य हे गोफणीच्या दगडासारखे नेम धरून फेकायचे असते, असे त्या वयात वाटते. आई खोटे बोलत होती का, हा प्रश्न नंतर वर्षानुवर्षे माझ्या मनात होता. आज वाटते, त्याची कसोटी साधी आहे: चाक फिरले की नाही? मी दहाच्या आत घरी येऊ लागलो. निरोप पुरता पोचला होता. फक्त हिसका पोचला नव्हता.

पण एकदा तिच्या हातून निरोपच अडला. वडिलांमागे घराचे छप्पर दादाने स्वतःच्या पैशाने दुरुस्त केले. धाकट्याने निम्मा वाटा उचलला नाही, हा सल त्याने आईपाशी बोलून दाखवला. तो माझ्यापर्यंत आलाच नाही. दोघांची मने सांभाळता सांभाळता ती थकली असावी. २०२२ साली ती गेली आणि तो साठलेला सल एके दिवशी सगळाच्या सगळा माझ्या अंगावर आला. मीही तसेच उत्तर दिले. त्यानंतरच्या दोन दिवाळ्या आम्ही भावांनी एका पंगतीत काढल्या नाहीत. आईने आयुष्यभर आमचे हिसके घेतले, त्यामुळे दबायचे कसे ते आम्ही दोघेही शिकलो नव्हतो.

मिस्त्रीने माझ्यापुढे दोन पुड्या ठेवल्या. एकीत साधे रबर, दुसरीत पॉलियुरेथेनचे ठोकळे. “हे जास्त टिकतात, तेलाने फुगत नाहीत. गाडी कशी हुकमी वाटते,” तो म्हणाला. मी ती दुसरी पुडी उचलली. तो पुढे म्हणाला, “पण हे कडक असतात, गुरुजी. हिसका कुठे तरी जाणारच. रबराने घेतला नाही, तर गिअरचे दात घेतील.”

हल्ली जो तो दुसऱ्याला कठोर व्हायला सांगतो. ऐकून घेऊ नका, तोंडावर बोला, कोणासाठी झिजू नका. हा उपदेश टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त दबायलाच शिकवले, त्यांना मऊपणाचे गुण सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्याला नाही. पण सगळेच कडक झाले, तर घाव घरातल्या सर्वांत लहान दातावर जाऊन बसतो. दोन मोठ्यांच्या भांडणात मुलांची तोंडे कशी होतात, ते मी शाळेच्या वर्गात रोज पाहतो.

मी साधे रबर घ्यायचे ठरवले. पैसे वाचवण्यासाठी विचारले, “जी अगदीच गेली आहेत, तेवढीच बदलली तर?” मिस्त्री हसला. “मग सगळा भार नव्यांवरच येईल. बदलायची तर सहाच्या सहा.” तेल न लावता, साबणाचे पाणी लावून त्याने ती एकेक करून घट्ट बसवली. माझ्या मनात आले, लोखंडाच्या चाकात कारागिराने सहा ठोकळे घातले. आमच्या घरात सगळ्यांच्या मध्ये एकच होता. आणि रबर आपण होऊन काही सांगत नाही. आवाज येतो तेव्हा ते संपलेलेच असते. म्हणून आवाज नसतानाही अधूनमधून ब्रेक दाबून चाक हलवून पाहायचे असते. आईच्या बाबतीत आम्ही ते कधी केले नाही.

आईमागे मी दादाच्या तक्रारी पुण्याला ताईला सांगतो, आणि दादा माझ्या. गेल्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, “मला आता काही सांगू नका रे, दोघेही.” मी हसण्यावारी नेले होते. बाकड्यावर बसल्या बसल्या त्या वाक्यातला ‘खडक्’ मला ऐकू आला.

तिथूनच मी दादाला फोन लावला. जिभेवर बरेच काही येत होते. ते थोडे थांबवले. म्हणालो, “दादा, छपराचा माझा वाटा द्यायचा राहिलाय. भाऊबीजेला ताईकडे येशील तेव्हा देतो.” पलीकडे बराच वेळ काही नाही. मग त्याने विचारले, “बाबांची गाडी कशी आहे?” मी रबराचे सांगितले. “येतो मी,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. एवढ्याने सारे मिटले असे नाही. पण दोन वर्षांत ताईला मध्ये न घालता आम्ही प्रथमच बोललो होतो.

गाडी हिसका न देता घरापर्यंत आली. मोठ्या समाधानात मी आत शिरलो, तो माळ्यावरचे सगळे डबे उतरून ओसरीवर मांडलेले. पत्नी घाम पुसत उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. कालपर्यंत मी तो तिचा चांगुलपणा समजलो असतो.

मी सदरा खुंटीला अडकवला आणि डबे पुसायला बसलो.