जवारी आणि रविवार

शनिवारी संध्याकाळी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन गेलो. सोमवारी रात्री बैठक होती आणि जवारी, म्हणजे तारांचा झणकार, बिघडलेली. दुकानातल्या चाचांनी गवसणी सोडली, खर्ज छेडला आणि तोंड वाकडं केलं.

"आवाज बसलाय सर. घोडी घासावी लागणार. मुलगा सहाला उठून गेला, नाहीतर आत्ताच हात लावला असता. उद्या रविवार, म्हणजे साहेब येणारच नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी सुट्टी फक्त शाळेला असायची."

"हात कसा आहे त्याचा?"

"हात चांगला आहे, मन नाही. पैसे मोजणारा आणि सुट्ट्या मोजणारा, दोघांचंही धंद्यात मन नसतं."

मला हे पटलं नाही. पण मास्तरकीची खोड, म्हणून सरळ न बोलता इतिहासात शिरलो. "चाचा, तुमचे लोक मुळात शिकलगार ना? तलवारींना धार लावणारे?"

"हो. हत्यारांचं काम सुटलं. मग आमच्यातल्या फरीदसाहेबांच्या काळात गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता सतारी करायला लागले."

"म्हणजे पोट भरेना म्हणून पिढीजात धंदा सोडला. मग त्यांचंही मन धंद्यात नव्हतं म्हणायचं!"

चाचा हसले. "धंदा सोडला, घासणं कुठं सोडलं? पोलाद घासत होते, हाड घासायला लागले."

त्यांनी घोडी दिव्याखाली धरली. तारा जिथे टेकतात तिथे तिच्या पाठीला उतार असतो, पण इतका हलका, की मला काही दिसला नाही. कानस एकदा जास्त फिरली तर आवाज पत्र्यासारखा होतो, कमी फिरली तर मुका राहतो. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची.

"अर्ध्या तासात कान मरतो," चाचा म्हणाले. "मग सगळंच गोड लागायला लागतं. तेव्हा मी उठतो. चहा घेतो, दर्ग्यापर्यंत चक्कर मारतो."

"मग मुलाच्या रविवारानं काय बिघडतं?"

"मी उठतो कान थकला म्हणून. तो उठतो सहा वाजले म्हणून. कधीकधी जवारी उघडायच्या बेताला आलेली असते आणि हा चपला घालतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मजुरीकडे वळलो. "तुम्ही पैसे कसे घेता? दिवसावर?"

"नगावर."

"मग थकल्या कानानंही आणखी एक उरकायचा मोह होत असेल."

"होतो. मीही उरकल्यात, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाइकाला कळत नाही. मला रात्री झोप लागत नाही, एवढंच."

"आणि मुलानं?"

चाचा जरा थांबले. "त्यानं नाही. सहा वाजले की अर्धी घोडी तशीच ठेवतो. सकाळी ताज्या कानानं…" पुढचं त्यांनी गिळलं.

मी गप्प राहिलो. कारागिरांच्या निष्ठेचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यांचं एक बरं असतं, कौतुकाला पैसे पडत नाहीत. मघाशी दुकानात शिरल्या शिरल्या मीच शंभर रुपये कमी करा म्हणालो होतो. मी पगारी माणूस. शाळा सुटल्यावर एक वहीसुद्धा घरी न नेणारा.

"२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं," मी म्हणालो. "आता तरी मुलं या धंद्यात टिकतील."

"मानांकन आलं. मुलीचे बाप अजून नोकरीवालाच जावई शोधतात. पोरगा मला म्हणतो, अब्बा, मी दुकान सोडत नाही, फक्त रविवार मागतोय. नाही दिला तर पुण्याला जाईल. दिला तर त्याचं बघून उद्या गडीही मागतील. तुम्ही सांगा सर, काय करू?"

"उद्या तुम्ही एकटेच बसा. माझा तंबोरा तुमच्याच हातचा हवा."

"बसेन की. पण वय झालं, बारीक झणकार आता मला ऐकू येत नाही. शेवटचा हात त्याचाच लागतो." त्यांनी गवसणीची नाडी बांधली. "सोमवारी अकराला या. आणि शंभर रुपये कमी होणार नाहीत."