धीराचे अर्थकारण

बेकारीच्या काळात टिकून राहण्याची ताकद ही मुख्यतः स्वभावाची देणगी असते, हा समज स्पर्धा परीक्षांच्या प्रेरणादायी व्याख्यानांतून इतका खोल रुजला आहे की ज्याचा धीर सुटतो तो उमेदवार परिस्थितीऐवजी स्वतःलाच दोषी धरू लागतो. हा समज तपासण्यासाठी मारिएनथालचा अभ्यास आजही उपयोगी पडतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या या गावाची कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदमच बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या संशोधकांनी तेथील दैनंदिन जीवनाची बारकाईने नोंद करून १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

वेळ मुबलक असूनही गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली होती, आणि कोठेच वेळेवर पोहोचायचे नसल्यामुळे पुरुष रस्त्याने जाताना वारंवार थांबत होते. संशोधकांनी कुटुंबांचे न खचलेली, आहे त्यात निमूट राहणारी, हताश आणि पूर्णपणे उदासीन असे चार प्रकार केले. मुलांचा वाटा कमी धरून काढलेले त्यांचे दरमाणशी मासिक उत्पन्न याच क्रमाने सरासरी ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग होते. उत्पन्न हे धीराचे एकमेव कारण होते असे यावरून म्हणता येणार नाही, परंतु पुढच्या दिवसांचे बेत आखणारे घर आणि आवराआवरही सोडून दिलेले घर यांच्यात महिन्याकाठी पंधराच शिलिंगांचे अंतर होते, हे कोणत्याही मनोबलवादी उपदेशापुढे ठेवण्यासारखे आहे.

याहोडा यांनी पुढे असे मांडले की नोकरी पगाराबरोबर आणखी पाच गोष्टी पुरवते: दिवसाचे वेळापत्रक, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, इतरांसह गाठायचे उद्दिष्ट, समाजातील ओळख आणि नियमित कृतीची सक्ती. या गोष्टी कोणी हेतुपुरस्सर देत नाही, नोकरीबरोबर त्या नकळत मिळतात, म्हणून त्यांना नोकरीची सुप्त कार्ये म्हटले जाते.

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे खरे महत्त्व ध्यानात येते. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा आणि मेसचे पैसे गावाकडून येण्याची वाट पाहणारा तरुण तेथे महिन्याचे भाडे भरून एक खुर्ची घेतो, आणि त्या खुर्चीबरोबर त्याला सकाळी उठण्याचे कारण, चहाला सोबती, समान ध्येयाचा गट आणि ‘एमपीएससी करतो’ असे सांगता येईल अशी ओळख मिळते; नोकरीची सुप्त कार्ये तो नोकरीवाचून, स्वतःच्या खर्चाने विकत घेत असतो. या व्यवस्थेची हेटाळणी करणे अन्यायाचे आहे, कारण तिच्यावाचून यांपैकी कित्येकजण केव्हाच कोलमडले असते. तथापि तिचा धोकाही याच गुणातून उद्भवतो: अभ्यासिका नोकरीची उणीव इतकी पुरेपूर भरून काढते की निवडीची शक्यता संपत आल्याचे जाणवत नाही, आणि खुल्या प्रवर्गासाठीही वयोमर्यादा ३८ वर्षे असल्यामुळे थांबण्याची सूचना नियमांकडूनही लवकर मिळत नाही.

म्हणून धीर टिकवण्याचा प्रश्न हा मुदत ठरवण्याचाही प्रश्न आहे. किती अटेम्प्ट द्यायचे हे पहिल्या निकालाआधीच घरच्यांशी बोलून ठरवणे, थोडेसे का होईना पण स्वतःचे उत्पन्न देणारे काम अभ्यासासोबत चालू ठेवणे आणि परीक्षेच्या वर्तुळाबाहेरची दोन-चार माणसे जपणे, या गोष्टी दिसायला किरकोळ असल्या तरी मारिएनथालच्या आकड्यांकडे पाहता उमेद याच बळावर तगते. ‘प्लॅन बी’ ठेवणे म्हणजे निष्ठा कमी असणे, ही अभ्यासिकांतील धारणा त्यामुळे घातकच म्हटली पाहिजे.

मात्र यातले सगळे उमेदवाराच्या हाती नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गाचे शुल्क एक हजार रुपये होते. मार्च २०२१ मध्ये अवघ्या तीन दिवसांवर आलेली, आधीच अनेकदा लांबलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलली गेली तेव्हा पुण्यातील उमेदवार रस्त्यावर उतरले. परीक्षा लांबली की प्रत्येक जादा महिन्याचे खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिका यांचा भार एखाद्या शेतकरी घरावर पडतो, आणि उमेदवाराने ठरवलेली मुदतही निरर्थक होते. जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नियुक्ती यांच्या तारखा आधी जाहीर करून त्या पाळणे एवढे जरी शासनाने आणि आयोगाने केले, तरी त्यासाठी नवी योजना लागणार नाही आणि लाखो घरांचा खर्च वाचेल. ही मागणी उमेदवारांनी आणि त्यांच्या पालकांनी एकत्र येऊन लावून धरली पाहिजे.