उचललं, पण ठेवायचं कुठे?

सुरतेत उधना-लिंबायत भागातल्या एखाद्या खोलीत साडीचं डिझाइन करणारा पोरगा सकाळीच संगणकासमोर बसलेला असतो. बऱ्याचदा तो धुळ्याचा, नंदुरबारचा. घरात अहिराणी, बाजारात हिंदी-गुजराती. उजवा हात माउसवर, डावा कंट्रोलच्या बटणावर. बुट्टा निवडला, सी दाबलं, व्ही दाबलं. साडेपाच मीटरच्या साडीला एकच फूल काढायचं, बाकी सगळी कॉपी!

मग यात कसब कसलं? कसब आहे ठेवण्यात. बुट्टे सरळ ओळीत मांडत गेलं, तर लांबून कापडावर नको ते पट्टे दिसायला लागतात. म्हणून शेजारची उभी ओळ अर्ध्या अंतराने खाली सरकवायची. उजव्या कडेला अर्धं तुटलेलं पान डाव्या कडेला पुरं व्हायला हवं. जोड दिसला की व्यापारी नाक मुरडणारच.

कॉपी-पेस्टची ही सोय आपल्याला मिळाली ती संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांच्यामुळे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत ‘जिप्सी’ हा मजकूर-संपादक घडवला. तोवर कागद खरोखरच कात्रीने कापून गोंदाने डकवत. पुढे ॲपलच्या १९८३च्या ‘लिसा’ संगणकावर एक्स, सी, व्ही ही अक्षरं या कामाला लागली. एक्स म्हणजे काट. आणि व्ही? राहिलेला शब्द आत घालताना आपण ओळीत टोकदार खूण करतो ना, तिचंच हे उलटं रूप. आपले पोथ्या लिहिणारेही अशी खूण करत. तिला काकपद म्हणत. जागा दाखवणं एवढंच तिचं काम.

धुळे-नंदुरबारची, खानदेशातली माणसं सुरतेला आली, ती गाव कापून टाकून नव्हे. श्रावणातल्या रविवारी इथेही खानदेशची देवी कानबाई बसते. गावाकडचं अंगण नसतं, तेव्हा चौरंग खोलीतच मांडायचा, पाहुण्यांनी जिन्यात बसायचं. पण नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी विसर्जनाला सगळी गल्ली निघते. परंपरा तीच, जागेपुरती थोडी सरकवलेली.

आपलं चुकतं ते या ठेवण्यातच. रोज सकाळी मोबाइलवर सुविचार येतात. एक आवडतो, तोवर दुसरा येतो. संगणकातही तसंच: साध्या क्लिपबोर्डवर, म्हणजे उचललेलं तात्पुरतं राहतं तिथे, एका वेळी एकच गोष्ट राहते. पहिली कुठे ठेवायच्या आत दुसरी उचलली, की पहिली गेलीच. कट केलेली असेल, तर मूळ जागीही उरत नाही.

तेव्हा आज एखादी चांगली गोष्ट कानावर पडली, तर पुढच्या गोष्टीकडे वळण्याआधी तिची जागा ठरवा: कुठल्या कामात, कुणाशी बोलताना, दिवसाच्या कुठल्या वेळी. आणि ती तिथे नीट बसेना, तर वडिलांनी किंवा गुरुजींनी सांगितली तशीच हवी, असा हट्ट नको. अर्ध्या अंतराने सरकवून पाहा.