भिजलेली गाडी आणि शेजारधर्म

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा पुरांत बुडालेल्या गाड्यांपैकी काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात आणि दूरच्या गिऱ्हाइकापुढे उभ्या राहतात.

रानशेतसारख्या गावात गाडी ही चैन नव्हे. चिकू डहाणूला पोचवायला, अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात न्यायला, वृद्धांना रविवारच्या मिस्सेला आणायला ती लागते. म्हणूनच कमी किमतीचा मोह आपल्याला होतो. मग अशी गाडी घ्यावी काय?

पाणी ओसरले तरी त्याचे काम संपत नाही. तारांच्या जोडांत गंज चढत राहतो. आज चालणारा भाग काही महिन्यांनी दगा देतो. अपघातात एअरबॅग उघडेलच याची शाश्वती उरत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, पायाखालचा गालिचा उचलला, तर गाळाची खूण सापडू शकते. पण विकणाऱ्याला ती आधीच ठाऊक असते. त्याने बोलावे की गप्प राहावे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात एका सदोष घोड्याचे उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणारा त्याच्या दोषाविषयी गप्प राहिला, तर ती फसवणूक ठरत नाही. मात्र घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी असा भेद केला नाही. ज्या छुप्या दोषाने घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होईल तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे त्यांचे मत आहे. शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभू येशूने चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला दिला; त्यातही परका माणूस परका उरत नाही.

तेव्हा पाणी केवळ तळापर्यंत आले असेल, सारे उघड सांगितले असेल, जाणत्या मेकॅनिकने तपासले असेल आणि किंमत त्या प्रमाणात उतरली असेल, तर अशी गाडी घेण्यात गैर नाही. डॅशबोर्डपर्यंत बुडालेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको. कारण तिच्यात आपल्यासोबत इतरही बसतात. आणि घेतलेली गाडी उद्या आपण विकू, तेव्हा बोलण्याची पाळी आपली असेल. लेकीला जे सांगितले असते, तेच त्या अनोळखी गिऱ्हाइकालाही सांगावे.