डोळ्यांची साक्ष

जें डोळ्यांनीं पाहिलें तें खरें, अशी आपली दृढ समजूत असते. न्यायमंदिरांत साक्षीदारानें शपथेवर 'हाच तो' म्हणून बोट दाखविलें कीं आरोपीचें दैव बहुधा ठरून जातें. परंतु खरें बोलणें आणि बरोबर ओळखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शपथेनें पहिलीची हमी मिळेल, दुसरीची नाहीं.

लंडनमधील ॲडॉल्फ बेक याचा खटला या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे. उमरावाचें सोंग घेऊन स्त्रियांचे दागिने लांबविणारा भामटा तो हाच, असें अनेक स्त्रियांनीं सांगितल्यावरून १८९६ सालीं या निरपराध नॉर्वेजियन गृहस्थास सात वर्षांची सक्तमजुरी झाली. १८७७ सालीं शिक्षा झालेला 'जॉन स्मिथ' तोच, असा पोलिसांचा समज होता. दोघांच्या शरीराची एक खूण जुळत नाहीं, हें १८९८ सालीं उघड झालें. तरी तो तुरुंगांतच राहिला! १९०१ सालीं सुटून १९०४ सालीं तशाच साक्षींवरून तो पुन्हां दोषी ठरला. शिक्षा सुनावण्यापूर्वीं खरा गुन्हेगार सांपडला म्हणून तो वांचला. या प्रकरणाच्या क्षोभांतूनच १९०७ सालीं इंग्लंडांत फौजदारी अपिलाच्या न्यायालयाचा कायदा झाला.

त्या स्त्रिया लबाड नव्हत्या, हीच यांतील भयंकर गोष्ट. लबाड साक्षीदार उलटतपासणींत डगमगतो. प्रामाणिकपणें चुकलेला मात्र अढळ राहतो. एकदां 'हाच' म्हटलें कीं समोरचा चेहरा स्मृतींतील मूळ चेहऱ्याची जागा घेतो. अमेरिकेंत १९८९ पासून डीएनए चांचणीनें शेंकडों निरपराध मुक्त झाले. त्यांतील बहुसंख्य खटल्यांत अशीच चुकीची ओळख होती.

मग डोळ्यांवर विश्वासच ठेवूं नये काय? तसें केल्यास अंधाऱ्या गल्लींत लुटल्या गेलेल्या बाईनें दाद कोठें मागावी? तिला खोटें मानण्याचें कारण नाहीं; तिच्या शब्दाला निराळा आधार शोधणें अवश्य आहे. आपल्याकडे ओळख परेड ही न्यायालयांतील साक्षीला दुजोरा देण्यापुरतीच धरितात. पण दोन्ही ठिकाणीं बोलते ती एकच स्मृति, हें विसरून चालणार नाहीं.

हा आग्रह केवळ आरोपीच्या कैवारासाठीं नाहीं. बेक शिक्षा भोगीत होता, तेव्हां खरा भामटा मोकळाच होता. फसलेल्या स्त्रियांनाहि न्याय मिळाला नव्हता. मिळाला असें त्यांना वाटत होतें, इतकेंच.